रॉजर मूरचा शेवटचा बाँड: दोष खरंच वयाचा होता का?

परवा 'अ व्ह्यू टू अ किल' (१९८५) पुन्हा पाहिला, जेम्स बाँड म्हणून रॉजर मूरचा सातवा आणि शेवटचा. या चित्रपटाचा विषय कुठेही निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: मूर फार म्हातारा झाला होता. ते खरं आहे. त्याचा जन्म १४ ऑक्टोबर १९२७चा. चित्रीकरण १९८४च्या उन्हाळ्यात सुरू झालं आणि ते चालू असतानाच त्याला ५७ पूर्ण झाली. पण हे वाक्य उच्चारलं की चर्चा तिथेच मिटते, आणि मला ते पटत नाही. म्हणून हा धागा. (ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुढे वाचू नये, कथानक सगळं उघड होणार आहे.)

मी एका प्रसंगापासून सुरुवात करतो. नायिका स्टेसी सटनच्या घरात खलनायक झोरिनची माणसं घुसतात, मारामारी होते, ती पळून जातात. घर मोठं आहे पण आत सामान जवळजवळ नाही, कारण झोरिनशी कोर्टात लढता लढता तिने ते विकलेलं आहे. बाँड स्वयंपाकघरात जातो, जे काही सापडतं त्यातून तिच्यासाठी कीश बनवतो, दोघं वाईन घेत बसतात आणि ती वडिलांच्या तेल कंपनीची हकीकत सांगते. मग तिला झोप येते. तो तिच्या अंगावर पांघरूण घालतो आणि खुर्चीत राखण करत बसतो. बस. त्या रात्री त्यांच्यात आणखी काहीही घडत नाही.

संपूर्ण चित्रपटात मूर इतका सहज दुसरीकडे कुठेही दिसत नाही. ५७ वर्षांचा, भरपूर जग पाहिलेला माणूस एका घाबरलेल्या, एकट्या पडलेल्या मुलीसाठी रात्र जागतो, हे बघताना एक क्षणही खोटं वाटत नाही. त्याचा आवाज, बसण्याची पद्धत, समोरच्याचं ऐकून घेणं, सगळं वयाला शोभणारं आहे. आणि तोच चित्रपट शेवटच्या दृश्यात त्या दोघांना शॉवरखाली उभं करतो. तिथे माझी मान खाली जाते.

माझं म्हणणं इतकंच आहे की या चित्रपटाने नायकाचं वय लपवण्यात सगळी ताकद खर्च केली. जिथे लपवलं तिथे तो फसला. जिथे विसरून का होईना, ते दिसू दिलं, तिथे तो मूरच्या सातही चित्रपटांमधल्या उत्तम प्रसंगांच्या तोडीचा झाला.

सुरुवातीचाच बर्फातला पाठलाग घ्या. सैबेरिया म्हणून जे दिसतं त्यातलं बरंचसं आइसलँडच्या योकुल्सारलोन या हिमनदीच्या सरोवरापाशी चित्रित केलेलं आहे. विली बॉग्नरने टिपलेलं स्कीइंग अफाट आहे, आजही श्वास रोखायला लावणारं. पण मधूनमधून मूरचा चेहरा येतो, मागे पडदा, अंगावर सपाट प्रकाश, आणि आपल्याला लगेच कळतं की हा माणूस त्या बर्फावर गेलेलाच नाही. मूरच्या चेहऱ्यावरून उतारावरच्या माणसावर आणि परत चेहऱ्यावर, असं इतक्या वेळा होतं की पुढचे दोन तास प्रेक्षक बदली माणूसच शोधत बसतो. हा घाव चित्रपटाने पहिल्या पाच मिनिटांत स्वतःच करून घेतला.

आणि वय कसं वापरायचं हे याच लोकांना ठाऊक होतं! दिग्दर्शक जॉन ग्लेन आणि लेखक रिचर्ड मेबॉम व मायकल जी. विल्सन यांनीच १९८१ साली 'फॉर युअर आईज ओन्ली' केला होता. त्यात स्केटिंग करणारी बिबी नावाची कोवळी पोर बाँडच्या खोलीत येऊन बसते आणि तो तिला कपडे घालायला सांगून आइस्क्रीम खायला नेण्याचं कबूल करतो. त्याच चित्रपटाच्या सुरुवातीला तो बायकोच्या कबरीवर फुलं ठेवतो. मूर तेव्हा ५३ वर्षांचा होता आणि दिसत होताही, पण कुणाची तक्रार नव्हती, कारण पटकथा त्याच्या वयाच्या बाजूने उभी होती. चार वर्षांनी हीच मंडळी हे विसरली कशी, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

यातल्या बाँडच्या मित्राबद्दल, टिबेटबद्दल, मुद्दाम आत्ता लिहीत नाही, नाहीतर हा लेख थांबायचाच नाही. कुणीतरी विषय काढाच.

प्रतिसाद १ – शेवटची रांग

मनापासून लिहिलंय, आवडलं. पण अर्धंच पटलं.

वय लपवलं हा दोष झाला हे मान्य. पण लपवण्यावाचून गत्यंतर काय होतं? बाँड म्हटल्यावर उड्या, मारामाऱ्या आणि प्रेमप्रसंग आलेच. या एका चित्रपटात चार बायका आहेत. एक रशियन हेर, एक झोरिनची साथीदार मे डे, एक स्टेसी आणि सुरुवातीच्या पाणबुडीतली एक. हे सगळं ज्याच्या खांद्यावर द्यायचं तो ५७चा असेल तर पटकथा बिचारी काय करणार? मूरनेच नंतर सांगून ठेवलंय की आपली नायिका आपल्या मुलीच्या वयाची आहे, एवढंच काय तिची आईसुद्धा आपल्याहून लहान आहे, हे कळलं तेव्हा आता थांबायला हवं हे त्याला उमगलं. त्याला स्वतःला जे कळलं ते निर्मात्यांना कळू नये?

मूरच्या आधी बाँड झालेल्या शॉन कॉनरीने १९६२ साली पहिला बाँडपट केला तेव्हा तो ३२ वर्षांचा होता आणि १९७१चा 'डायमंड्स आर फॉरेव्हर' केला तेव्हा ४१. मूरने १९७३मध्ये सुरुवातच ४५व्या वर्षी केली. कॉनरी ज्या वयात बाहेर पडला त्याहून मोठ्या वयात हा आत आला. मग १२ वर्षांनी काय होणार होतं?

माझ्या मते याच्या आधीच्या 'ऑक्टोपसी'नंतर (१९८३) टाळ्या घेत निघून जायला हवं होतं.

प्रतिसाद २ – धागाकर्ता

'ऑक्टोपसी'नंतर थांबायला हवं होतं हे खूप जण म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण निर्णय एकट्या मूरचा नव्हता. त्याचा मूळ करार तीन चित्रपटांचा. तो संपल्यावर प्रत्येक वेळी नव्याने बोलणी व्हायची. 'ऑक्टोपसी'च्या वेळी तर जेम्स ब्रोलिनची स्क्रीन टेस्टही झाली होती. पण त्याच वर्षी कॉनरी प्रतिस्पर्धी निर्मात्यांकडून 'नेव्हर से नेव्हर अगेन' घेऊन उतरणार हे कळल्यावर निर्माते ब्रोकोली यांना नवा चेहरा आणण्याचा धोका पत्करायचा नव्हता. ते समजण्यासारखं आहे. १९८५ला मात्र समोर कुणी नव्हतं, म्हणून तिथे तुमचा मुद्दा बळकट होतो.

पटकथेबद्दल मात्र मी ठाम आहे. चार बायका हव्यातच हा नियम कुणी केला? कीशच्या रात्री तो नियम मोडलाच ना?

प्रतिसाद ३ – काठावरची

कॉनरीचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. 'नेव्हर से नेव्हर अगेन'ची सुरुवात आठवा. बाँड एका सराव मोहिमेत चुकतो, त्याचा वरिष्ठ एम त्याच्या खाण्यापिण्यावर आणि शरीरावर टीका करतो आणि त्याला प्रकृती सुधारायला श्रब्लँड्स या आरोग्यधामात धाडतो. कॉनरी तेव्हा ५२ वर्षांचा. म्हणजे नायकाचं वय झालंय, यंत्रणेला तो जुना वाटू लागलाय, हे पहिल्या दहा मिनिटांत कथेतच सांगून टाकलं. त्या चित्रपटात इतर दोष ढीगभर आहेत, पुढे पुढे तो रेंगाळतो, संगीत तर अजिबात जमलेलं नाही. पण ही एक गोष्ट त्यांनी बरोबर केली आणि ती दोन वर्षं आधी केली. प्रतिस्पर्ध्याने वाट दाखवली होती. 'अ व्ह्यू टू अ किल'वाल्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

त्यामुळे 'पटकथा बिचारी काय करणार' हे मला मान्य नाही. पटकथेला करता आलं असतं.

प्रतिसाद ४ – फीत आणि कात्री

बदली माणसांवर सगळा राग निघतोय म्हणून थोडं त्यांच्या बाजूने.

आयफेल टॉवरवरून मे डे पॅराशूट घेऊन उडी मारते ती उडी बी. जे. वर्थ या माणसाने खरोखर मारली. खालच्या रस्त्यावर बाँडच्या गाडीचं आधी छप्पर उडतं, मग मागचा अर्धा भागच तुटतो आणि पुढचा अर्धा धावत राहतो, ते काम रेमी ज्युलिएनच्या चमूचं. गाडी अर्धी कापलेली आहे आणि ती पॅरिसच्या रस्त्यावरून चालवली जातेय! आणि मार्टिन ग्रेस, मूरचा अनेक वर्षांचा बदली, तो तर 'ऑक्टोपसी'च्या वेळी रेल्वेच्या डब्याला लटकलेला असताना भयंकर जखमी झाला होता आणि बरा होऊन पुन्हा कामावर आला. या लोकांचं काम 'दिसलं' म्हणून नाक मुरडणं मला बरं वाटत नाही.

बदली माणूस सगळ्याच बाँडना लागला. कॉनरीला लागला, क्रेगलाही लागला. फरक कापाकापीत आहे. दूरचं दृश्य, मग लगेच चेहरा, अशी जोडणी केली की सांधा दिसतो. मधे एखादा हात, एखादी वस्तू, समोरच्याची प्रतिक्रिया टाकली की तो झाकला जातो. जॉन ग्लेन स्वतः संकलनातून वर आलेला माणूस. त्याला हे माहीत नव्हतं असं म्हणवत नाही. मला वाटतं नायकाचा चेहरा वारंवार दाखवलाच पाहिजे, नाहीतर लोकांना शंका येईल, या भीतीनेच गोंधळ झाला.

प्रतिसाद ५ – धागाकर्ता

कात्री, हे वाचून मी माझं वाक्य सुधारतो. घाव बदली माणसांनी केला नाही, मधे घुसवलेल्या त्या चेहऱ्यांनी केला. मार्टिन ग्रेसबद्दल लिहिलंत त्यासाठी विशेष आभार. अशा माणसांची नावं धाग्यात यायलाच हवीत.

प्रतिसाद ६ – निळी शाई

मला या चित्रपटात वयापेक्षा मोठी अडचण दुसरीच दिसते. खाणीतला प्रसंग. झोरिन सॅन अँड्रियास आणि हेवर्ड या भूकंपरेषांखाली पाणी सोडून सिलिकॉन व्हॅली बुडवायला निघालाय, म्हणजे मायक्रोचिपचा सगळा बाजार त्याच्या हातात येईल. खाण भरू लागते आणि तो आपल्याच कामगारांवर मशीनगन चालवत सुटतो. हसत, लांबलचक, थांबायचं नावच नाही. मूरला हे चित्रीकरण संपल्यावरही खुपत राहिलं. हे आपले बाँडपट नव्हेत, असं त्याने उघड सांगितलं आहे.

हे महत्त्वाचं अशासाठी की मूरला बंदुकांची मनापासून नावड होती. त्याचा बाँड भुवई उंचावून आणि एखादं वाक्य टाकून प्रसंग निभावणारा. त्याच्या हातातलं पिस्तूल नेहमी जरा परकंच वाटलं आणि मला तेच आवडायचं. आता अशा माणसाच्या शेवटच्या चित्रपटात शेकडो गोळ्यांचा असा पाऊस पडतो. तिथे मूर म्हातारा दिसत नाही, तो चुकीच्या चित्रपटात आलेला दिसतो. १९८५ साली मारधाडीच्या चित्रपटांची भाषाच बदलत होती आणि हा नायक जुनी भाषा बोलत होता.

वॉकन मात्र लाजवाब. बाँडच्या खलनायकाची भूमिका करणारा तो पहिला ऑस्करविजेता. गोल्डन गेटवरून पडण्याआधी तो जे बारीकसं हसतो ना, तेवढं एक हसू पाहण्यासाठी मी हा चित्रपट कितीही वेळा लावेन.

प्रतिसाद ७ – तिसरी घंटा

सगळे प्रतिसाद वाचले. पण तुलना करायचीच तर 'नो टाइम टू डाय'शी करा. क्रेगचा जन्म १९६८चा, चित्रीकरण २०१९ला, म्हणजे तोही ५१चा होता. मुख्य कथा सुरू होते तेव्हा बाँड निवृत्त आहे, जमैकात मासे पकडतोय, त्याचा क्रमांक दुसऱ्या कुणाला देऊन झालाय. त्याला मुलगी आहे. शेवटी तो मरतो. नायकाचं वय हीच कथा आहे. निरोप असा द्यायचा असतो. मूरला काय मिळालं? एक यंत्रमानव त्याला शॉवरमध्ये शोधून काढतो. मूरच्या चाहत्यांनी याबद्दल निर्मात्यांवर चिडायला हवं.

प्रतिसाद ८ – काठावरची

तिसरी घंटा, क्रेगचा निरोप मलाही हलवून गेला. पण मूरला तसा निरोप शोभला असता असं मला मुळीच वाटत नाही. क्रेगचे पाच चित्रपट हे एकाच माणसाची एकसलग कथा आहेत, २००६पासून २०२१पर्यंत. मूरचा बाँड दर दोन वर्षांनी ताज्या दमाने, इस्त्रीच्या कपड्यांत परत येणारा. त्याला क्षेपणास्त्रांखाली मारणं म्हणजे लोकांच्या घरी नेहमी आनंद घेऊन येणाऱ्या पाहुण्याला दारातच गाठणं. त्याच्यासाठी हलका निरोप हवा होता, पण नीट विचार करून दिलेला.

प्रतिसाद ९ – तिसरी घंटा

पाहुण्याचं म्हणणं पटलं. मारायला नको होतं. पण शॉवर नकोच.

प्रतिसाद १० – पहाटेचा शो

गाण्याबद्दल कुणीच बोललं नाही? ड्युरान ड्युरान हा बँड आणि संगीतकार जॉन बॅरी यांचं शीर्षकगीत अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथे पहिलं आलेलं बाँडचं हे एकमेव शीर्षकगीत. आता गंमत ऐका. धागाकर्त्याने ज्या कीशच्या रात्रीबद्दल लिहिलंय, तिथे मागे जे वाजतं ते हेच गाणं आहे. ढोल, सिंथेसायझर, आरोळ्या सगळं काढून टाकून बॅरीने ती चाल संथ केली, बासरीवर आणली. तरुण पोरांचं धडाडणारं गाणं त्याने एका थकलेल्या रात्रीचं केलं. म्हणजे संगीतकाराला कळलं होतं की तो प्रसंग कोणत्या वयाचा आहे.

प्रतिसाद ११ – धागाकर्ता

पहाटेचा शो, तुमचा प्रतिसाद वाचून मी तो प्रसंग लगेच परत लावला. इतकी वर्षं मी तो दृश्यासाठी बघत होतो आणि कान बंद ठेवले होते. ही चाल शीर्षकगीताचीच आहे हे मला कळलंच नव्हतं. मनापासून धन्यवाद.

आता टिबेट. अजून कुणी विषय काढला नाही म्हणून मीच काढतो.

सर गॉडफ्री टिबेट, म्हणजे पॅट्रिक मॅक्नी. 'द अ‍ॅव्हेंजर्स' मालिकेतला जॉन स्टीड. चित्रीकरणाच्या वेळी तो ६२ वर्षांचा. मूर आणि मॅक्नी दोघं १९७६च्या एका दूरचित्रवाणीपटात होम्स आणि वॉटसन झाले होते, त्यामुळे एकमेकांची लय त्यांना पाठ होती. फ्रान्समधल्या शांतिलीच्या राजवाड्यात झोरिन घोड्यांचा लिलाव ठेवतो आणि हे दोघं मालक-नोकर बनून आत शिरतात. टिबेट स्वतः सरदार माणूस आणि त्याला बॅगा उचलाव्या लागतात. खोलीत चोरून ऐकायचं यंत्र आहे हे माहीत असल्याने बाँड त्याला मोठ्याने झापतो आणि टिबेट मनातल्या मनात जळतो. दोन प्रौढ माणसांची ही कुरबुर, त्यातला जिव्हाळा, एकमेकांवरचा पूर्ण विश्वास. तिथे कुणालाही तरुण दिसायचं नाहीये आणि म्हणून दोघंही फुललेत.

मग मे डे गाड्या धुण्याच्या ठिकाणी टिबेटला मारते. बाँड गाडीत त्याचं प्रेत बघतो. मूरचा चेहरा त्या वेळी बघा. भुवई हलत नाही, तोंडातून चमकदार वाक्य येत नाही. टिबेटला मारून चूक केलीस, एवढंच तो झोरिनला बजावतो आणि त्याचा आवाज खालच्या पट्टीत जातो. पुढे गाडी तळ्यात ढकलली जाते, तो टायरमधली हवा ओढून पाण्याखाली जिवंत राहतो, हा प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला मात्र त्याआधीचे ते दोन-तीन क्षण आठवतात. या मालिकेत बाँडला समवयस्क मित्र फार थोडे मिळाले. मूरला शेवटच्या चित्रपटात एक मिळाला आणि तो मध्यंतराआधीच गेला. टिबेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जिवंत असता तर उरलेला तासभर वेगळाच झाला असता.

प्रतिसाद १२ – शेवटची रांग

टिबेटपुढे मी हरलो. हा प्रतिसाद मूळ लेखातच असायला हवा होता.

फक्त एक. ज्याने हा निरोप घेतला त्या माणसाचं पुढे काय झालं तेही नोंदवून ठेवू या. मूरने डिसेंबर १९८५मध्ये भूमिका सोडली. १९९१पासून तो युनिसेफचा सदिच्छादूत झाला, ऑड्री हेपबर्नने त्याला त्या कामात ओढलं. २००३ साली त्याला सर किताब मिळाला तो त्या कामासाठी. मे २०१७मध्ये तो गेला तेव्हा ८९ वर्षांचा होता. बाँड सोडल्यावर त्याच्याकडे आणखी ३१ वर्षं होती आणि त्याने ती मुलांसाठी वापरली.

प्रतिसाद १३ – निळी शाई

अजून एक निरोप राहिला, लोइस मॅक्सवेलचा. १९६२च्या पहिल्या चित्रपटापासून एमची सचिव मिस मनीपेनी तीच. १४ चित्रपट. 'अ व्ह्यू टू अ किल' तिचाही शेवटचा. ती मूरच्याच वर्षी जन्मली, आठ महिन्यांनी मोठी, आणि तरुणपणी दोघं लंडनच्या 'राडा' या नाट्यशाळेत एकत्र शिकलेले. म्हणजे या चित्रपटात बाँडच्या वयाची एक स्त्री होती, कार्यालयातल्या टेबलामागे. अ‍ॅस्कॉटच्या घोडदौडीच्या प्रसंगात ती सजूनधजून, भली मोठी टोपी घालून येते आणि खूश दिसते. १९८७ला नवा बाँड टिमोथी डाल्टन आला तेव्हा तिच्या जागी दुसरी मनीपेनी होती. तिच्या जाण्याबद्दल कुणी एक ओळसुद्धा लिहीत नाही.

प्रतिसाद १४ – धागाकर्ता

लिहिलीत ना तुम्ही आत्ता.

राडाचं मला माहीत नव्हतं. नाट्यशाळेतले दोन विद्यार्थी चाळीस वर्षांनी अ‍ॅस्कॉटच्या गर्दीत एकाच चौकटीत उभे आहेत, ती घोड्यांकडे बघत ओरडतेय, तो तिच्या शेजारी. आज रात्री तो प्रसंग पुन्हा लावणार आहे. या वेळी तिच्याकडे बघेन.